कुणाच्या अंगणात दुर्मिळ पक्षी आलाय? बघायला निघण्याआधी हे वाचा

दिवाळी सरते, रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागते आणि मराठवाड्यातल्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर फोटो यायला सुरुवात होते. कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी अंगणात, पाण्याच्या परळावर, म्हणजे पसरट मातीच्या भांड्यावर, किंवा चिमण्यांसाठी टाकलेल्या दाण्यांवर कधी न पाहिलेला पक्षी उतरलेला असतो. फोटो मोबाइलवर काढलेला, धूसर. खाली विचारलेलं असतं, 'हा कोणता?' जाणकार तासाभरात नाव सांगतात, आणि लगेच दुसरा प्रश्न येतो: 'लोकेशन पाठवा.'

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाता तेव्हा किनारा सगळ्यांचा असतो. इथे पक्षी कुणाच्या तरी घरी आलेला आहे. त्या अंगणात सकाळी सडा पडतो, भांडी घासली जातात, आजी उन्हाला बसते. घराने दार उघडलं तरच पक्षी दिसणार, आणि घराला आपला त्रास झाला तर पुढच्या हिवाळ्यात तिथून बातमी येणार नाही. नवख्या माणसाने पिसांचे रंग पाठ करण्याआधी हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी बातमी पारखून घ्या

ग्रुपवर आलेला फोटो कधीचा, कुणी काढलेला, हे आधी विचारा. फॉरवर्ड होत होत मागच्या वर्षीचा फोटो यंदाचा होतो, हिमाचलमधला पक्षी हिंगोलीचा होतो. ज्याने स्वतः पाहिला त्याच्याशीच बोला. आज दिसला का, किती दिवसांपासून येतोय, दिवसाच्या कोणत्या वेळी, दाण्यावर येतो की पाण्यावर की नुसता झाडावर बसतो, एवढं कळलं की जाण्यात अर्थ आहे की नाही ते तुमचं तुम्हालाच उमगेल.

'दुर्मिळ' हा शब्दही जागेवर ठरतो. व्हर्डिटर फ्लायकॅचर हा निळा-हिरवा झळाळता माशीमार हिमालयात उन्हाळ्यात सहज दिसतो आणि हिवाळ्यात सह्याद्रीतही उतरतो. तोच लातूरच्या एखाद्या परसातल्या शेवग्यावर बसला तर ती बातमी असते. उलट गावाला दुर्मिळ वाटलेले काही पक्षी दुर्मिळ नसतात. पांढरी चिमणी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ती वेगळी जात नव्हे. पिसांत रंगद्रव्य कमी किंवा नाहीच, म्हणून आपलीच घरचिमणी पांढरी झालेली असते. पिवळा-हिरवा 'छोटा पोपट' बहुतेक वेळा कुणाच्या तरी पिंजऱ्यातून निसटलेला बजरीगर किंवा लव्हबर्ड असतो. हृदयाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं, 'परदेशी घुबड' म्हणून गाजणारं पाखरू म्हणजे गव्हाणी घुबड. ते आपल्या जुन्या वाड्यांतून आणि धान्याच्या कोठारांजवळ पिढ्यान्‌पिढ्या राहत आलं आहे, उंदीर खातं. त्याची पिल्लं सापडली तर गर्दी जमवू नका, होती तिथेच राहू द्या.

हे सगळं सांगताना गावकऱ्याला खोडून काढू नका. पांढरी चिमणी दाखवणारा माणूस बारकाईने बघणारा असतो. उद्या खरा पाहुणा आला तर तो आधी त्यालाच दिसेल.

फोन करा, आणि घरातल्या सगळ्यांचा होकार घ्या

ज्याच्याकडे घराचा नंबर आहे त्याने तो परस्पर वाटू नये. आधी घरमालकाला विचारावं, मग द्यावा. तुमच्याकडे नंबर आला की सरळ, आदराने आणि थोडक्यात बोला. साधारण असं:

'नमस्कार काका. मी परभणीहून बोलतोय. तुमच्या अंगणात येतो त्या पक्ष्याचा फोटो आमच्या मित्राने दाखवला, त्यांनीच तुम्हाला विचारून नंबर दिला. एकदा बघायला यायची इच्छा आहे. आम्ही दोघंच आहोत. तुम्हाला आणि घरच्यांना चालणार असेल तरच येतो. कोणता दिवस, कोणती वेळ सोयीची पडेल?'

यातलं 'घरच्यांना' महत्त्वाचं आहे. काका शेतावर जातात, पण दिवसभर अंगणात वावर काकूंचा, सुनांचा, मुलींचा असतो. न्हाणी बऱ्याचदा अंगणातच असते. तिथे अनोळखी पुरुषांनी मोठी लेन्स लावून तासभर बसायचं, याला काकांनी हो म्हटलं म्हणून भागत नाही. पोहोचल्यावर काकूंनाही विचारा, कुठे बसलो तर चालेल, कधीपर्यंत. लेन्सच्या दिशेला न्हाणी, खिडकी, कपड्यांची दोरी येत असेल तर जागा बदला, त्यात पक्षी आडोशाला गेला तरी चालेल. शक्य असेल तर सोबत एखादी मैत्रीण, बहीण किंवा बायको असू द्या. घर लवकर मोकळं होतं आणि पक्ष्याच्या सवयींबद्दलची खरी माहिती मग काकूंकडूनच मिळते. कोणत्या फांदीवर बसतो, मांजर आलं की कुठे पळतो, बुलबुल त्याला कसे हुसकावतात, हे त्यांनी रोज पाहिलेलं असतं.

दिवस ठरवताना शेतीचं वेळापत्रक ध्यानात घ्या. तूर काढणी चालू असताना सकाळी घरी कुणी नसतं. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, गावंच्या गावं शेतात असतात. कडब्याच्या कोपीपुढे पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, उंडे. त्या दिवशी घरच्या अंगणात पक्षी बघायला येतो म्हणणं बरं नाही. पण पक्षी शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतावरच्या वस्तीवर, असेल आणि त्यांनीच बोलावलं तर जरूर जा, आणि पंगतीला बसूनच या.

एका शंकेला उत्तर देण्याची तयारी ठेवा. 'पक्षी दुर्मिळ आहे म्हणता, मग फॉरेस्टवाले जमीन घेतील का?' ही भीती हवेतून आलेली नाही. शेजारच्या सोलापूर-नगरकडे माळढोक अभयारण्यामुळे जमिनींच्या व्यवहारांवर बंधनं आली होती, हे धाराशिव-बीडच्या शेतकऱ्याला माहीत असतं. त्याला हसू नका. अंगणात हिवाळ्यापुरत्या आलेल्या एका छोट्या पाखरामुळे कुणाची जमीन आरक्षित होत नाही, हे शांतपणे सांगा. एवढं मात्र सांगून ठेवा की त्याला पकडणं किंवा पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. घरातल्या मुलांना हे आधी कळलेलं चांगलं.

नाही म्हणाले तर? तर नाही. कारण विचारू नका, गावातल्या दुसऱ्या कुणामार्फत दबाव आणू नका आणि रस्त्यावरून कुंपणापलीकडे दुर्बीण लावून उभे राहू नका.

कधी जायचं

पक्षी दाण्यावर येतो की पाण्यावर, यावर वेळ ठरते. दाणे खाणारे पक्षी ऊन जरा अंगावर आल्यावर येतात आणि दुपारी चारनंतर पुन्हा एक फेरी होते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्योदयच पावणेसात-सातच्या सुमाराला होतो, परभणीत पारा दहा अंशांखाली उतरलेला असतो. पहाटे साडेपाचला कुणाचं दार वाजवून उपयोग नाही. आठ ते दहा ही वेळ पक्ष्यालाही बरी आणि घरालाही, कारण तोवर सडा, आंघोळी, डबे उरकलेले असतात.

पाण्यावर येणाऱ्यांची वेळ वेगळी. माशीमार, कस्तुर, थिरथिरा यांना दाण्यांशी फारसं कर्तव्य नसतं, ते किडे आणि फळं खातात. पण आपल्याकडचा हिवाळा कोरडा. अकरापासून दुपारी तीनपर्यंत ऊन तापतं तेव्हा ते परळावर प्यायला आणि अंघोळीला उतरतात. मराठवाड्यातल्या अंगणात नवल घडतं ते बहुधा पाण्यापाशीच. पश्चिमेकडच्या देशांतल्या फीडरचे फोटो बघून आपण दाण्यांच्या मागे लागतो, पण इथे एक उथळ परळ दहा प्रकारच्या दाण्यांना भारी पडतं.

एका वेळी तीन-चार माणसं पुष्कळ झाली. पाऊण तास बसावं आणि निघावं. जास्त लोक येणार असतील तर ज्याने बातमी दिली त्यानेच दिवस वाटून द्यावेत आणि मध्ये एक-दोन दिवस पूर्ण मोकळे सोडावेत.

हे मी कळकळीने लिहितोय, कारण माझ्या माहितीतल्या एका घरी उलट घडलं. दोन रविवार अंगणात माणसं मावेनात. कुणी फाटक उघडं टाकलं आणि शेळ्यांनी आतला कढीपत्ता फस्त केला, कुणी चांगल्या फोटोसाठी वाळत घातलेल्या गोधड्या काढून ठेवल्या. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी परळ उचलून माळवदावर, म्हणजे मातीच्या धाब्यावर, पालथं घातलं. पक्षी गेला, आणि वर्षानुवर्षं त्या पाण्यावर येणारे बुलबुल, होले, दयाळही गेले. काकूंचं काहीच चुकलं नाही.

सोबत काय न्यावं

दुर्बीण हवी. नवी घेणार असाल तर 8×42 घ्या. आठ म्हणजे किती पटीने मोठं दिसतं ते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घ्यायचा मोह होतो, पण ती हातात जास्त हलते आणि नजरेचा आवाका लहान होतो. अंगणासाठी आणखी एक गोष्ट दुकानात तपासून घ्या: सर्वांत जवळचं किती अंतरावरचं स्पष्ट दिसतं? धरणावर याने फरक पडत नाही, अंगणात पक्षी कधी चार मीटरवरही येऊन बसतो आणि काही दुर्बिणींना तो धूसरच दिसतो. दोन-तीन मीटरपर्यंत जवळचं दिसणारी दुर्बीण निवडा.

वही, पेन, पाण्याची बाटली, मळकट किंवा मातकट रंगाचे कपडे. एक किलो बाजरी न्या आणि काकूंच्या हातात द्या, अंगणात स्वतः टाकू नका. पैसे देऊ नका. त्याने घराचं तिकीटघर होतं आणि पक्षी रोज दिसलाच पाहिजे असं ओझं त्या माणसांवर येतं. नंतर चांगला फोटो मिळाला तर मोठा प्रिंट काढून, खाली पक्ष्याचं मराठी नाव आणि तारीख लिहून, पोस्टाने पाठवा किंवा नेऊन द्या. हे मात्र विसरू नका.

अंगणात

गाडी गावातल्या मोकळ्या जागेत लावा, ट्रॅक्टर-बैलगाडीची वाट अडवू नका. आत शिरल्यावर फाटक लावा. राम राम करा, वडीलधारं कुणी असेल तर दोन मिनिटं त्यांच्याजवळ बसा. चहा येईल, घ्या. हुरड्याच्या दिवसांत हुरडाही येईल, जवसाची चटणीही येईल. पक्षी निसटेल या भीतीने मध्येच उठून पळू नका. जो पक्षी रोज येतो तो चहानंतरही येतो.

मग बसायची जागा. परळापासून आठ-दहा मीटर, भिंतीला किंवा ओट्याला टेकून, सूर्य पाठीशी. ढाळजेची, म्हणजे दाराजवळच्या छपराखालच्या बैठकीची, सावली मिळाली तर उत्तम, अंधारातून उजेडाकडे बघताना तुम्ही पक्ष्याला कमी दिसता. एकदा बसलात की हलू नका. बोटाने दाखवू नका, हळू आवाजात सांगा, 'शेवग्याची डावी फांदी, दुसऱ्या पेऱ्यावर.' मोबाइल बंद आवाजावर.

पहिली दहा मिनिटं नेहमीच्या मंडळींना द्या. चिमण्या, होले, साळुंख्या, लालबुडे बुलबुल, सातभाई. ते निर्धास्त उतरले म्हणजे तुमचं बसणं त्यांना मान्य झालं. ते अजून झाडावरूनच ओरडत असतील तर आणखी मागे सरका. पाहुणा पक्षी या नेहमीच्या लोकांकडे बघूनच खाली येतो.

ओळख: एक पाण्यावरचा, एक दाण्यावरचा

सगळ्या पक्ष्यांची ओळख इथे मावणार नाही. दोन उदाहरणं घेतो, कारण 'दुर्मिळ' म्हणून येणाऱ्या फोटोंत ही दोन कोडी हमखास असतात.

पहिला लाल छातीचा माशीमार. चिमणीहून लहान, गोल डोक्याचा, मोठ्या काळ्या डोळ्यांचा. पाठ मातकट, पोट पांढुरकं. तो फांदीवर बसतो, पंख जरा खाली सोडतो आणि शेपूट झटक्याने वर करतो. त्या क्षणी शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे चमकतात. ओळख तिथेच पटते, गळ्याच्या रंगाची वाट बघू नका. गळ्याला नारिंगी फक्त मोठ्या नराला, मादी आणि कोवळे नर साधे. आवाज सुका 'टिर्र्र्', लाकडी फिरकी फिरवल्यागत. हा युरोपच्या पूर्व भागातून आणि रशियाकडून सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, मार्च-एप्रिलपर्यंत राहतो. आपल्याकडे नवलाचा नाही.

नवलाचा आहे तो काश्मिरी माशीमार, आणि दर हिवाळ्यात कुणीतरी पहिल्याला दुसरा समजतं. काश्मिरी नराची छाती अधिक गडद तांबडी-नारिंगी, रंग खाली कुशीपर्यंत पसरलेला, आणि त्या रंगाला मानेच्या-छातीच्या बाजूंनी काळी किनार. पाठ पाटीसारखी करडी. साध्या लाल छातीच्या माशीमाराला ती काळी किनार नसते. काश्मिरी काश्मीर खोऱ्याकडे वीण करतो आणि हिवाळा श्रीलंकेत व निलगिरीत काढतो, जगात त्याची संख्या कमी आहे. ये-जा करताना तो मध्ये कुठेही उतरू शकतो, पण डिसेंबर-जानेवारीत तुमच्या परळावर ठाण मांडून बसलेला बहुधा साधाच निघेल. किनार दिसेपर्यंत नाव जाहीर करू नका.

दुसरं कोडं भारिटांचं. खळ्यावर, आखाड्यावर, करडईच्या कडेला पिवळ्या पोटाच्या चिमण्यांचा थवा उतरतो. काळ्या डोक्याचा भारीट, नराची टोपी काळी, पाठ तांबूस, पोट पिवळं. त्यांच्यात क्वचित लाल डोक्याचा भारीट मिसळलेला असतो. त्याचं डोकं आणि छाती तांबूस-तपकिरी, पाठ हिरवट. पहिला आग्नेय युरोप ते इराणकडून येतो, दुसरा मध्य आशियातून. अडचण अशी की हिवाळ्याच्या सुरुवातीला नव्या पिसांच्या फिकट कडांमुळे नराचे रंग झाकलेले असतात, फेब्रुवारीनंतर कडा झिजतात आणि रंग उघडे पडतात. आणि दोघांच्या माद्या इतक्या सारख्या की हातात घेऊनही जाणकार अडतात. मादीची नोंद 'काळ्या किंवा लाल डोक्याचा भारीट' अशी करायला काहीच हरकत नाही. ती पूर्ण वैज्ञानिक नोंद आहे.

यात सुगरणीही घोळ घालतात. विणीचा काळ संपला की सुगरण नराचं पिवळेपण जातं आणि तो जाड चोचीच्या चिमणीसारखा दिसतो. थिरथिरा आणि चिरक यांचीही गल्लत होते: थिरथिऱ्याची शेपूट तांबूस आणि सारखी थरथरणारी, चिरकाची शेपूट काळपट, उभी धरलेली, तांबूस रंग फक्त तिच्या बुडाखाली.

पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन अ‍ॅप जरूर वापरा, पण ते सुचवतं, ठरवत नाही. आधी वहीत लिहा: आकार कशाएवढा, चोच जाड की बारीक, शेपटीचं काय केलं, काय खाल्लं. मग पुस्तक किंवा अ‍ॅप उघडा. उलट केलं तर डोळ्यांना तेच दिसतं जे पानावर छापलेलं असतं.

फोटो काढताना

फ्लॅश नाही. परळ सरकवायचं नाही, काटकी रोवायची नाही, मागचा पसारा आवरायचा नाही. घर जसं आहे तसं. ओळखीपुरता एक स्पष्ट फोटो मिळाला की निम्मं काम झालं. बाजूने एक, शेपूट दिसेल असा एक, शक्य तर छातीचा एक.

मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जीवाला हिवाळ्यात एकच काम असतं, पोट भरायचं आणि परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी धरायची. आवाज ऐकून तो प्रतिस्पर्धी शोधायला धावतो, खाणं सोडतो. हे दिवसातून पाच गटांनी केलं तर तो ती जागाच सोडतो. माझ्यासमोर कुणी हे केलं तर मी थांबवतो, आणि तुम्हीही थांबवा, वयाने लहान असलात तरी.

नाहीच दिसला तर

आभार माना, चहाचे कप आत नेऊन द्या, निघा. 'दिसला की फोन करा' असं म्हणून घरावर पहारा सोपवू नका.

नोंद कशी करायची

ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, यादी करा. सुरुवातीची वेळ, किती मिनिटं बसलात, आणि दिसलेले सगळे पक्षी, चिमण्या-साळुंख्यांसकट, अंदाजे आकड्यांनी. नुसत्या नवलाच्या पक्ष्याची यादी अभ्यासकाला फारशी कामाची नसते. दुर्मिळ पक्षी घातला की ईबर्ड तपशील मागतं. तिथे 'फोटो आहे' एवढ्यावर भागवू नका. किनार होती का, शेपटीचे पट्टे दिसले का, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात, हे मराठीत लिहिलं तरी चालतं. तपासणाऱ्यांचा मेल आला तर राग मानू नका, ते तुमच्यासारखेच स्वयंसेवक असतात.

जागेच्या नावात घरमालकाचं नाव, गल्ली, घर क्रमांक घालू नका. गावाचं नाव पुरतं. नकाशावरचा बिंदू नेमका अंगणावर न ठेवता गावावर ठेवा, आणि तो सार्वजनिक हॉटस्पॉट म्हणून सुचवू नका. घराने परवानगी दिली असेल तरच ग्रुपवर पत्ता टाका, आणि कुटुंबाचे, मुलांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुठेच नको.

या नोंदींची मराठवाड्याला गरज आहे. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना सालिम अलींनी 1931-32 मध्ये त्या संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी केली होती. त्यानंतर धरणं झाली, माळरानं नांगराखाली आली, ऊस आला, आणि पुण्या-मुंबईइतकी बघणारी माणसं इथे कधीच नव्हती. उदगीर, सेलू, किनवटच्या अंगणातली तुमची यादी एखाद्या पक्ष्याची त्या तालुक्यातली पहिली नोंद ठरू शकते. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जगभरच्या पक्षीगणनेमध्ये भारत 2013 पासून आहे, पंधरा मिनिटांची यादीही तिथे चालते. ज्या घरी गेलात त्या घरातल्या शाळकरी मुलाला त्या दिवसांत यादी करायला शिकवा.

तुमच्याच अंगणात बोलवायचं असेल तर

5 ते 12 नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. 5 ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा. परळ मांडायला हा मुहूर्त चांगला.

परळ मातीचं, पसरट, खोली दोन बोटं. त्यात एक खडबडीत दगड ठेवा, लहान पक्षी त्यावर उतरून पाण्यापर्यंत चालत जातात. जागा झुडपापासून दोन-तीन मीटर लांब: मांजराला दबा धरता येऊ नये आणि पक्ष्याला मात्र एका झेपेत आडोसा गाठता यावा. पाणी रोज बदला, आठवड्यातून एकदा काथ्याने घासून गरम पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. डेंगीचे डास वाढू नयेत म्हणूनही हे लागतंच.

दाण्यांत बाजरी, राळं, तांदळाची कणी, फुटकी ज्वारी. शेव, फरसाण, शिळी पोळी, पाव नको. संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच टाका. उरलेल्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप. ओलसर, बुरशी धरलेलं धान्य पक्ष्यांच्या फुप्फुसांत रोग धरवतं, ते फेकून द्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, विशेषतः शेतकरी घरांसाठी. पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं बियाणं पक्ष्यांना कधीही टाकू नका. गुलाबी किंवा हिरवट रंगाची ती बाजरी-ज्वारी पिशवीत तशीच पडून असते आणि 'वाया जाण्यापेक्षा चिमण्या खातील' म्हणून चांगल्या मनाने अंगणात पसरली जाते. तो रंग बुरशीनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा असतो, आणि त्याने पक्षी मरतात. तसंच साठवणीत विषारी गोळ्या ठेवलेलं धान्यही नको. घरात कोण दाणे टाकतं त्या प्रत्येकाला, सालगड्यालाही, हे सांगून ठेवा.

एखादा पक्षी पिसं फुगवून, डोळे मिटून, जवळ गेलं तरी न उडता बसलेला दिसला तर तो आजारी आहे. दाणे लगेच बंद करा, परळ धुऊन दोन आठवडे उचलून ठेवा म्हणजे गर्दी पांगते आणि रोग पसरत नाही.

आणि खरोखरच न पाहिलेलं काही उतरलं, तर आधी शांतपणे बघा, फोटो घ्या, वेळ लिहा. ओळखीच्या एका जाणकाराला दाखवा. नाव पक्कं झाल्यावर घरात सगळ्यांनी बसून ठरवा: लोक येऊ द्यायचे का, किती, कोणत्या दिवशी, कुठे बसायचं. ते नियम बातमीसोबतच लिहून पाठवा आणि येणाऱ्याला फाटकातच सांगा. नाही म्हणायचाही तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, पक्षी गेल्यावर नोंद जाहीर केली तरी ती तेवढीच मोलाची राहते.

हिवाळी पाहुण्यांना जुनी जागा आठवते. थिरथिऱ्यासारखे पक्षी वर्षामागून वर्ष त्याच अंगणात परत येतात. म्हणून तो रोज दिसला की भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला खूण करा, मार्चमध्ये खुणा थांबतील ती तारीख ईबर्डवर घाला, आणि ते पान फाडून टाकू नका. ऑक्टोबर लागला की पहिल्या खुणेसाठी परळ भरून तयार ठेवा.